हलकें बिऱ्हाड : लिनक्सच्या पडद्याची मांडणी आणि तिची देवघेव

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राज्यें, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु ज्या वस्तूंवरून आपला हात रोज फिरतो त्यांनाहि इतिहास असतो, आणि तो पुष्कळदां तितकाच बोधप्रद असतो. आज घरोघर संगणक आले आहेत. कचेरीचें काम, मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार हें सारें त्यांच्या पडद्यावर चालतें. हा पडदा कसा दिसावा, त्यावरील खिडक्या कोठें उघडाव्या, घड्याळ वर असावें कीं खालीं, कोणती कळ दाबली असतां काय व्हावें, हें कोणीं ठरवावें? यंत्र बनविणाऱ्यानें, कीं तें वापरणाऱ्यानें? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो मात्र क्षुल्लक नाहीं : एकादें यंत्र जुनें झालें, निकामी झालें, हें तरी कोणीं ठरवावें? लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या चाहत्यांनीं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या दोन्ही प्रश्नांना जें उत्तर दिलें त्याचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे.

तें उत्तर थोडक्यांत असें आहे. ज्यांना मोठें यंत्र परवडत नव्हतें त्यांनीं आपल्या पडद्याची मांडणी हलकी केली. ती साध्या मजकुराच्या फायलींत लिहून ठेवली. आणि साध्या मजकुरांत असल्यामुळेंच ती दुसऱ्याला जशीच्या तशी देतां आली. काटकसर आणि देवघेव या दोन गोष्टी येथें एकाच मुळापासून फुटल्या. हें कसें घडलें तें क्रमानें पाहूं.

या कथेचा आरंभ लिनक्सच्या जन्माआधींचा आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत १९८४ सालीं रॉबर्ट शायफ्लर आणि जिम गेटिस यांनीं 'एक्स' या एकाक्षरी नांवाची प्रणाली रचावयास घेतली. संस्थेंत निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें होतीं. त्या सर्वांच्या पडद्यांवर खिडक्या, अक्षरें आणि चित्रें एकाच रीतीनें उमटावीं, हा हेतु. सप्टेंबर १९८७ मध्यें तिची अकरावी आवृत्ति निघाली, आणि तीच पुढें तीन तपांहून अधिक काळ टिकली.

या प्रणालीच्या कर्त्यांनीं एक पथ्य कटाक्षानें पाळलें. खिडकी काढण्याचें साधन आम्ही देऊं; परंतु तिची चौकट कशी असावी, ती कोठें सरकवावी, दोन खिडक्या एकमेकींवर आल्या तर कोणती वर राहावी, याचा निर्णय आम्ही करणार नाहीं. तो निर्णय करण्यासाठीं एक निराळा प्रोग्रॅम असावा, आणि तो ज्याचा त्यानें निवडावा. या प्रोग्रॅमला विंडो मॅनेजर म्हणतात. आपण त्याला खिडक्यांचा कारभारी म्हणूं. घरमालकानें चार भिंती, छप्पर आणि पाणी द्यावें. कपाट कोणत्या भिंतीला लावावें यांत त्यानें पडूं नये, तसाच हा प्रकार. त्या काळच्या मॅकिन्टॉश किंवा विंडोज या प्रणालींत कारभारी घराशींच जखडलेला होता. एक्समध्यें कारभारी बदलला तरी घर तेंच राही. पुढील सारा इतिहास या एका फटींतून आंत शिरला आहे.

१९८७ सालीं टॉम लास्ट्रेंज यांनीं 'टीडब्ल्यूएम' नांवाचा एक कारभारी लिहिला. त्यास धन्याची आवड कळावी म्हणून एक फाईल असे. तींत रंग, कळा आणि निवडीच्या याद्या लिहून ठेवावयाच्या. या फाईलच्या नांवाच्या आरंभीं एक टिंब असे. कारण युनिक्स जातीच्या प्रणालींत टिंबानें आरंभ होणारें नांव नेहमींच्या यादींत दिसत नाहीं. ही प्रथा कोणी विचारपूर्वक पाडलेली नाहीं. तिची हकीगत मोठी मनोरंजक आहे.

१९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संशोधन-संस्थेंत युनिक्स घडत होती. तेथें फायलींच्या प्रत्येक कप्प्यांत दोन नोंदी आपोआप होत : एक टिंब म्हणजे तो कप्पा स्वतः, आणि दोन टिंबें म्हणजे त्याच्या वरचा कप्पा. या नोंदी वाचणाराला दाखविण्याचें कारण नव्हतें. त्या गाळण्यासाठीं, यादी करणाऱ्या प्रोग्रॅममध्यें, नांवाचें पहिलें अक्षर टिंब आहे कीं काय एवढीच परीक्षा घालण्यांत आली. संपूर्ण नांव तपासण्यापेक्षां तें सोपें होतें. परिणाम असा झाला कीं टिंबानें आरंभ होणारें कोणतेंहि नांव अदृश्य झालें, आणि लोक आपल्या आवडीनिवडीच्या फायली त्या आडोशाला ठेवूं लागले. त्या संस्थेंत काम केलेले रॉब पाइक यांनीं २०१२ सालीं ही हकीगत लिहिली, आणि ती एक चूक होती असें स्पष्ट म्हटलें. चूक खरी; परंतु तिच्या पोटीं 'डॉटफाइल' ही संस्था जन्मास आली. माणसाची सगळी मांडणी या टिंबफायलींत, त्याच्या स्वतःच्या कप्प्यांत, प्रोग्रॅमपासून अलग राहूं लागली. जी वस्तु अलग आहे ती उचलून दुसऱ्याच्या हातीं देतां येते.

ऑगस्ट १९९१ मध्यें हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें लिनक्सची वार्ता जगाला दिली. दुसऱ्या वर्षीं त्यानें ती रिचर्ड स्टॉलमन यांच्या 'जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्याखालीं आणली. या परवान्याचें सूत्र असें कीं, घेणाऱ्यानें प्रोग्रॅम वापरावा, उघडून पाहावा, बदलावा आणि दुसऱ्यास द्यावा. मात्र देतांना मूळ लिखाण आणि हेच हक्क पुढच्या माणसास द्यावे. महागड्या यंत्रांवरील युनिक्सची विद्या अशा रीतीनें विद्यार्थ्यांच्या साध्या यंत्रांवर आली. परंतु त्या यंत्रांत स्मृति, म्हणजे ज्यास आपण रॅम म्हणतों ती, चार किंवा आठ मेगाबाइट असे. आजच्या सामान्य फोनमध्येंहि तिच्या सुमारें हजारपट स्मृति असते. एवढ्याशा जागेंत एक्स आणि वर टीडब्ल्यूएम मांडल्यावर मुख्य कामाला फारच थोडी जागा उरे.

ही अडचण रॉबर्ट नेशन या अमेरिकन तंत्रज्ञास जाणवली. ते अमेरिकेच्या संरक्षण-खात्यासाठीं ध्वनींच्या पृथक्करणाचें काम करीत होते. त्यांनीं टीडब्ल्यूएमचें मूळ लिखाण घेऊन त्याची स्मृतीची भूक कमी केली, एकाच पडद्याचे अनेक काल्पनिक पडदे करण्याची युक्ति त्यास जोडली, आणि १ जून १९९३ रोजीं तें 'एफव्हीडब्ल्यूएम' या नांवानें प्रसिद्ध केलें. हलकेपणाच्या परंपरेंतील हा पहिला मोठा टप्पा होय. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नेशन यांना नवें यंत्र विकत घ्यावें लागलें नाहीं. जुन्या कारभाऱ्याचें लिखाण त्यांच्या हातीं होतें म्हणून त्यांना तें आंखूड करतां आलें. लिखाण जर कुलूपबंद असतें तर काटकसरीची इच्छा असूनहि उपाय नव्हता.

नंतरच्या सात-आठ वर्षांत या कारभाऱ्यांची जणूं जत्राच भरली. कोणी एफव्हीडब्ल्यूएमला विंडोज ९५ चें रूप दिलें. कोणास नेक्स्ट कंपनीच्या महाग यंत्रांचा काळा-करडा देखणा पडदा आवडला, आणि त्यांतून आफ्टरस्टेप व ब्राझीलच्या आल्फ्रेदो कोजिमा यांचा विंडो मेकर हे कारभारी निघाले. जें वैभव धनिकांच्या मेजावर होतें तें, निदान डोळ्यांपुरतें, विद्यार्थ्याच्या खोलींत आलें. परंतु सजावटीला चित्रें लागत, आणि चित्रें स्मृति खात.

या पेचावर १९९७ सालीं ब्रॅड ह्यूज यांनीं ब्लॅकबॉक्स हा कारभारी लिहून एक सुंदर तोड काढली. त्यांनीं चित्रें टाकलीं आणि वर्णन ठेवलें. खिडकीच्या मथळ्याचा पहिला रंग अमुक, दुसरा तमुक, एकाची छटा दुसऱ्यांत वरून खालीं उतरावी, कडा उठावदार असावी, एवढें शब्दांत लिहावें. रंगकाम प्रोग्रॅमनें जागच्या जागीं करावें. सबंध पडद्याचें रूप एका छोट्या मजकुरांत मावूं लागलें. आपल्याकडे घराघरांतून रांगोळीच्या वह्या असतात. त्यांत रांगोळी नसते. किती ठिपके, किती ओळी, कोणता ठिपका कोणास जोडावा एवढेंच असतें, आणि तेवढ्यावर शेजारीण आपल्या दारांत तीच रांगोळी आपल्या रंगांनीं काढते. ब्लॅकबॉक्सच्या या शैलीफायली अगदीं तशा होत्या. त्याच्याच लिखाणांतून २००१ सालीं फ्लक्सबॉक्स निघाला, आणि ओपनबॉक्सचा उगमहि तेथलाच. पुढें ओपनबॉक्स नव्यानें लिहिला गेला, तरी कुळाचा वळसा राहिला.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह सुरू झाला होता. खिडक्यांचा कारभारी एकाचा, घड्याळ दुसऱ्याचें, फायलींचें कपाट तिसऱ्याचें, या गोधडीला कंटाळून जर्मनींतील ट्युबिंगेनचा विद्यार्थी माथियास एट्रिख यानें ऑक्टोबर १९९६ मध्यें केडीई ही एकसंध योजना मांडली. ऑगस्ट १९९७ मध्यें मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनीं ग्नोम आरंभिली. या दोन्ही वाड्यांत सर्व खोल्या एकाच घाटाच्या होत्या आणि नवख्या माणसाची त्यांत मोठी सोय झाली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु वाड्याला वाड्याचा खर्च असतो. जुनीं यंत्रें त्या ओझ्याखालीं वांकूं लागलीं.

वाडा आणि खोली यांच्या मधला मार्ग फ्रान्सच्या ऑलिव्हिए फूर्दां यांनीं एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या रूपानें काढला. त्यांचा आरंभींचा अनुभव आपल्या विषयाच्या दृष्टीनें मोलाचा आहे. त्यांनीं १९९६ च्या अखेरीस सुरू केलेली ही रचना 'एक्सफॉर्म्स' नांवाच्या साधनसंचावर उभी होती, आणि त्या संचाचा परवाना त्या वेळीं मुक्त नव्हता. म्हणून रेड हॅट या लिनक्स-वितरक कंपनीनें ती आपल्या संग्रहांत घेण्याचें नाकारलें. वस्तु चांगली होती, फुकटहि होती. परंतु पुढें देण्याचा हक्क तिच्याबरोबर येत नव्हता. तेव्हां १९९९ सालीं फूर्दां यांनीं ती मुक्त साधनांवर पुन्हां लिहिली. फुकट मिळणें आणि पुढें देतां येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा त्या पिढीला असा प्रत्यक्ष मिळाला.

येथवर देवघेव होती ती सजावटीची आणि कळांची. २००० नंतर सबंध बिऱ्हाडच हातोहात फिरूं लागलें. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनीं त्या वर्षीं क्नॉपिक्स काढली. ही एक तबकडी यंत्रांत घालावी, यंत्र सुरू करावें, आणि आंतल्या डिस्कला धक्का न लावतां पूर्ण मांडलेला लिनक्स-पडदा समोर यावा, अशी तिची करामत. तिच्याच आधारावर 'डॅम स्मॉल लिनक्स' निघाली. हिची सारी सामग्री ५० मेगाबाइटांत बसविलेली होती. इतकी कीं व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या तबकडीवर ती राहात असे, आणि १६ मेगाबाइट स्मृतीच्या जुनाट यंत्रावरहि ती उठे. २००३ सालीं ऑस्ट्रेलियांत बॅरी कॉलर यांनीं पपी लिनक्स सुरू केली. तींत वापरणाऱ्यानें आपल्या आवडीचे प्रोग्रॅम, रंग आणि भाषा मांडून त्या मांडलेल्या घराचीच नवी तबकडी करण्याची सोय होती. अशा तबकड्यांना 'पपलेट' असें लाडकें नांव पडलें. कोणी संगीतकारांसाठीं, कोणी मुलांसाठीं, कोणी आपल्या मातृभाषेसाठीं पपलेटें केलीं. पूर्वीं पोथी नकलून घेणारा आपल्यापुरती टीप समासांत लिही, आणि पुढचा नकलनवीस ती टीपहि उतरून घेई. तसेंच येथें झालें. पाठभेद वाढले, आणि त्याबरोबर उपयोगहि वाढला.

२००६ सालीं तैवानच्या हाँग जेन यी यांनीं एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपचा पाया घातला, आणि त्यांत खिडक्यांचा कारभारी म्हणून ओपनबॉक्सलाच नेमलें. दुसऱ्या वर्षीं तैवानच्याच आसुस कंपनीनें सात इंची पडद्याचा ईई पीसी बाजारांत आणला. त्यांत ५१२ मेगाबाइट स्मृति होती आणि पडद्याचा कारभार आइसडब्ल्यूएम या जुन्या हलक्या कारभाऱ्याकडे होता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं ब्रिटनमध्यें रास्पबेरी पाय हा पत्त्याएवढा संगणक विक्रीस निघाला. त्याच्या ३५ डॉलरच्या नमुन्यांत केवळ २५६ मेगाबाइट स्मृति होती, आणि त्यावर एलएक्सडीई चाले. जुन्या यंत्रांसाठीं जपलेली काटकसरीची विद्या अशा रीतीनें अगदीं नव्या यंत्रांच्या कामीं आली. जी गोष्ट गरिबीची सोय म्हणून हिणविली जाते ती पुढें शाळकरी मुलांच्या शिक्षणाचें साधन होते, हें या उदाहरणानें दिसतें.

परंतु हलकेपणालाहि मर्यादा आहे, आणि ती आपणां मराठी माणसांना लवकर जाणवते. २००६ सालीं जर्मनीच्या आन्सेल्म गार्बे यांनीं 'डीडब्ल्यूएम' हा कारभारी लिहिला आणि त्याचें मूळ लिखाण दोन हजार ओळींपलीकडे जाऊं द्यावयाचें नाहीं असा दंडक घातला. त्यास स्वतंत्र आवडफाईलहि नाहीं. मूळ लिखाणांतच फेरफार करून प्रोग्रॅम पुन्हां घडवावयाचा. लोक आपापले फेरफार 'पॅच', म्हणजे ठिगळें, म्हणून एकमेकांस देतात. विचार स्वच्छ आहे, आणि ज्यास प्रोग्रॅम लिहितां येतो त्यास तो मानवतोहि. आतां देवनागरीची गोष्ट पाहा. 'कि' लिहितांना संगणक आधीं 'क' आणि मग ऱ्हस्व इकार सांठवितो; परंतु डोळ्यांना इकार आधीं दिसला पाहिजे. 'क्ष', 'त्र', 'र्य' यांसारखीं जोडाक्षरें तर निराळाच घाट घेतात. अक्षरांची ही जुळणी करण्यासाठीं वेगळी यंत्रणा लागते. पॅन्गो हें तिचें एक प्रसिद्ध नांव. ग्रीक भाषेंतील 'सर्व' आणि जपानी भाषेंतील 'भाषा' या अर्थाचे शब्द जोडून तें केलें आहे. २००२ सालीं जीटीके या साधनसंचाच्या दुसऱ्या आवृत्तींत पॅन्गो आली, आणि तिच्या आधारावरील डेस्कटॉपांना भारतीय लिपी वाचतां येऊं लागल्या. डीडब्ल्यूएमच्या मूळ रूपांत ही जुळणी नाहीं, म्हणून त्याच्या पट्टीवर मराठी मथळा मोडका दिसतो. पॅन्गोचें ठिगळ लावावें तेव्हां तो सुधारतो. ओपनबॉक्स मात्र पॅन्गो वापरतो, त्यामुळें तेथें मराठी शुद्ध उमटतें. यावरून एक विवेक शिकावा. ज्यास एकजण निरुपयोगी वजन म्हणतो तें दुसऱ्याच्या भाषेचें अन्न असूं शकतें. मुंबईंतून २००० सालच्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स या उपक्रमानें लिनक्सवर भारतीय भाषा आणण्यासाठीं जे परिश्रम केले, त्यांचें मोल हें लक्षांत घेतल्यावरच कळतें.

आतां या इतिहासांतील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या प्रसंगाकडे येऊं. ब्रिटनमधील फिलिप न्यूबरो यांनीं २००८ सालीं क्रंचबँग नांवाची रचना प्रसिद्ध केली. तिच्यांत नवा असा प्रोग्रॅम फारसा नव्हता. पाया आरंभीं उबुंटूचा आणि पुढें डेबियनचा, कारभारी ओपनबॉक्स, कडेला एक बारीक पट्टी, काळाभोर पडदा, आणि त्यावर कोणत्या कळांनीं काय उघडतें याची लहानशी यादी. सारा जिन्नस दुसऱ्यांचा. न्यूबरो यांची ती फक्त निवड आणि मांडणी. तरी पण त्या मांडणींत इतकी सुसंगति होती कीं जुन्या लॅपटॉपांचे पुष्कळ धनी तिच्या प्रेमांत पडले. फेब्रुवारी २०१५ मध्यें न्यूबरो यांनीं आपण हें काम थांबवीत असल्याचें जाहीर केलें. आतां साध्या डेबियननेंच लोकांचें काम भागेल, केवळ ममतेपोटीं हें चालूं ठेवणें वापरणाऱ्यांच्या हिताचें नाहीं, असा त्यांचा प्रांजळ अभिप्राय होता.

बंद कारखान्याची वस्तु असती तर गोष्ट येथेंच संपली असती. परंतु क्रंचबँगची सारी मांडणी उघड्या फायलींत होती आणि ती प्रत्येक वापरणाऱ्याजवळ होती. त्याच वर्षीं क्रंचबँग प्लस प्लस या नांवानें एक वारसा उभा राहिला. वापरणाऱ्यांच्या दुसऱ्या एका मंडळानें बन्सनलॅब्ज ही रचना हातीं घेतली. निर्मात्याचा निर्णय त्यांनीं मानला, त्याच्या नांवावर हक्क सांगितला नाहीं, आणि मांडणी मात्र पुढें चालविली. निर्माता थकला म्हणून घर पाडावें लागलें नाहीं. २०११ सालीं ग्नोमनें आपलें जुनें रूप टाकून तिसरें रूप घेतलें तेव्हांहि असेंच झालें होतें. जुनी बैठक सोडावयाची नाहीं म्हणून अर्जेंटिनांतील एका वापरणाऱ्यानें जुन्या ग्नोमचें लिखाण घेऊन 'माते' हा डेस्कटॉप सुरू केला, आणि त्यास तिकडच्या आवडत्या पेयाचें नांव दिलें.

देवघेवीचीं साधनेंहि या काळांत सुधारलीं. २००५ सालीं टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सच्या लिखाणाची व्यवस्था ठेवण्यासाठीं गिट हा प्रोग्रॅम केला. कोणती ओळ केव्हां, कोणीं आणि कां बदलली याची वही त्यांत आपोआप राहते. लोकांनीं आपल्या टिंबफायली त्यांत ठेवण्यास सुरुवात केली. त्यामुळें एक मोठा लाभ झाला : नुसती मांडणी नव्हे, तर मांडणीचा इतिहासहि दुसऱ्याच्या हातीं जाऊं लागला.

या सुखचित्राला काळी बाजू नाहीं असें नाहीं. यंत्र सुरू होतांच कोणते प्रोग्रॅम चालवावे याची आज्ञाहि अशा फायलींतूनच असते. परक्याची फाईल न वाचतां आपल्या यंत्रांत घालणें म्हणजे अनोळखी माणसास घराची किल्ली देण्यासारखें आहे. देणारा घाईंत आपले परवलीचे शब्दहि त्यांबरोबर देऊन बसतो. पुष्कळांच्या मांडणीसोबत परवाना नसतो, आणि परवाना नसलेलें लिखाण दिसावयास उघडें असलें तरी बहुतेक देशांच्या कायद्यानें तें मुक्त ठरत नाहीं. फूर्दां यांना मिळालेला धडा प्रत्येक पिढीला नव्यानें घ्यावा लागतो असें दिसतें. म्हणून जाणते लोक आपल्या मांडणीसोबत एक टिपण जोडतात : हें कोणाकडून घेतलें, काय बदललें, कोणत्या यंत्रावर पारखलें, आणि पुढें वापरण्यास मुभा आहे. उसनी आणलेली वाटी रिकामी परत करूं नये, हा आपल्या घरांतला जुना रिवाज आहे. तोच येथें लागू पडतो.

आतां एक्सचे स्वतःचेहि दिवस भरत आले आहेत. २००८ सालीं क्रिस्टियान होग्सबर्ग यांनीं वेलँड ही नवी योजना मांडली. तींत पडदा रंगविणारा आणि खिडक्यांचा कारभारी हे पुन्हां एकत्र आले आहेत. त्यामुळें एक्ससाठीं लिहिलेले हलके कारभारी तेथें जसेच्या तसे चालत नाहींत. चाळीस वर्षांची ही ठेव बुडाली काय, अशी चिंता वाटणें स्वाभाविक होतें. परंतु येथें मोठा सुखद प्रकार घडला. स्वे नांवाचा नवा कारभारी 'आयथ्री' या जुन्या कारभाऱ्याच्या आवडफायली वाचतो. लॅबडब्ल्यूसी हा दुसरा कारभारी ओपनबॉक्सच्या धर्तीच्या फायली आणि त्याचीं रूपें समजून घेतो. प्रोग्रॅम नवे, भिंती नव्या. पण जुन्या वह्यांतल्या रांगोळ्या तेथेंहि काढतां येतात. साध्या मजकुरांत लिहून ठेवण्याचा हा लाभ आरंभीं कोणाच्या कल्पनेंतहि नसावा.

श्रोतेहो, आरंभीं आपण दुसरा प्रश्न विचारला होता, यंत्र जुनें झालें हें कोणीं ठरवावें? १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा पाठिंबा थांबविला. तिच्या पुढची आवृत्ति ज्यांवर चालत नाहीं अशीं असंख्य धडधाकट यंत्रें त्या दिवशीं एका तारखेनें म्हातारीं ठरलीं. अशा यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सडीईचा वारस एलएक्सक्यूटी मांडला तर तें आणखी कित्येक वर्षें मुलांच्या अभ्यासाला आणि पत्रव्यवहाराला उपयोगी पडतें. अर्थात् येथेंहि भाबडेपणा नको. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीनें जुन्या ३२ बिटी यंत्रांवर स्थापना करण्याची सोय काढून टाकली आहे. शिवाय पडदा कितीहि हलका केला तरी त्यावर उघडणारीं आजचीं संकेतस्थळें हलकीं झालेलीं नाहींत. दोन-चार पानें उघडलीं कीं सबंध डेस्कटॉपहून कितीतरी अधिक स्मृति तींच खातात. काटकसरी बिऱ्हाडालाहि बाहेरच्या महागाईची झळ लागतेच.

तरी पण निर्णय आपल्या हातीं राहतो, ही गोष्ट लहान नव्हे. यंत्र ठेवावें कीं टाकावें, त्याचा पडदा कसा असावा, आणि आपण शोधलेली सोय शेजाऱ्याला द्यावी कीं नाहीं, हें ज्याचें तो ठरवूं शकतो. हा हक्क कोणा राजानें सनद देऊन दिलेला नाहीं. कोणीं व्रत म्हणून घर आणि कारभारी अलग ठेवले. कोणीं चुकून टिंबाचा आडोसा निर्माण केला. कोणीं स्मृतीच्या टंचाईंत लिखाण आंखूड केलें. आणि बहुतेकांनीं आपली वही शेजाऱ्यास दिली. आपल्या घरांतील एकादें जुनें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं या मंडळींची आठवण करावी, आणि त्यांची वही एकदां उघडून पाहावी, एवढीच विनंति करून हें भाषण पुरें करतों.